घाम, वास आणि अंगभर फवारा

नवतपा सुरू होता. सावंगीतील माझ्या दवाखान्यात वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी आला आणि खोलीभर उग्र सुगंध पसरला. "डॉक्टरसाहेब, सगळ्या अंगाला चालणारा डिओडरंट दिवसातून चार वेळा मारतो, तरी घाम थांबत नाही. आता जांघेत आग होते." मित्र चिडवतात म्हणून तो वर्गात मागे एकटाच बसू लागला होता. हे सांगताना त्याची मान खाली होती.

घाम थांबणार कसा? डिओडरंट हे घाम थांबवण्याचे औषधच नव्हे. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेत आणि जांघेत वयात आल्यावर कामाला लागणाऱ्या खास ग्रंथी असतात. त्यांच्या दाटसर स्रावावर त्वचेवरचे जंतू पोसतात आणि वास सुटतो. डिओडरंट हे जंतू कमी करतो किंवा वासावर सुगंधाचे पांघरूण घालतो, तेही काही तास. पाठीवर-पोटावर अशा ग्रंथी फारशा नसतात. तिथे मारलेला फवारा म्हणजे बहुतांशी पैशाची उधळण.

घाम कमी करणारे द्रव्य वेगळे. त्यातील ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीचे तोंड काही काळ बुजवतात. न्हावी दाढीनंतर फिरवतो ती तुरटीही त्याच कुळातली. हे द्रव्य रात्री, काख कोरडी करून लावले तर चांगला गुण येतो. अंगभर मात्र लावू नये. वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर गेला की अंग थंड ठेवायला शरीराजवळ घामाशिवाय दुसरे साधन उरत नाही.

त्या मुलाच्या जांघेत गजकर्ण निघाले. त्यावरच तो फवारा मारत होता! फवारा बंद केला, बुरशीवरचे मलम दिले. आंघोळीनंतर जांघ कोरडी पुसायची, रोज धुतलेली, उन्हात वाळवलेली सुती चड्डी घालायची. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नकोस, हेही बजावले. त्याने खाज थांबते आणि गजकर्ण आतून पसरत राहते.

रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येऊन वजन घटत असेल, तर आधी क्षयाची तपासणी करावी. मधुमेहाच्या रुग्णाला औषध घेतल्यावर थरथर होऊन दरदरून घाम फुटला, तर लगेच साखर खाऊन डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखून घाम आला तर थेट रुग्णालय.

तीन आठवड्यांनी मुलगा परत आला. आग गेली होती. काखेच्या वासाचे विचारले, तर म्हणाला, "थोडा आहे अजून." तेवढा माझ्याही काखेला येतो, असे त्याला सांगितले.