व्यावसायिक फुटबॉल क्लबचा हंगाम : मुंबई सिटी एफसी (२०२०-२१) – एक विवेचन

प्रस्तावना

'हंगाम' हा शब्द गोंदियासारख्या धान उत्पादक जिल्ह्यात शेतीच्या संदर्भात सर्वपरिचित आहे. पऱ्हे टाकण्यापासून रोवणी, कापणी व मळणीपर्यंतच्या सर्व कामांचा त्यात समावेश होतो. मधल्या काळात पावसाने आठवडाभर ओढ दिली म्हणून संपूर्ण हंगाम बुडाला असे शेतकरी लगेच मानत नाही. हंगामाचे मूल्यमापन त्याच्या अखेरीस होते. व्यावसायिक फुटबॉलमधील हंगामाची संकल्पनाही तत्त्वतः अशीच आहे. आपल्या शालेय व आंतरमहाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेत मात्र 'स्पर्धा' रूढ झाली आणि 'हंगाम' रुजला नाही. या दोहोंतील भेद खेळाडूच्या घडणीच्या दृष्टीने मूलभूत स्वरूपाचा आहे.

प्रस्तुत लेखात मुंबई सिटी एफसी या क्लबच्या २०२०-२१ च्या हंगामाचा, ऑस्ट्रेलियातील ए-लीगमधील मेलबर्न सिटी या क्लबच्या त्याच वर्षीच्या हंगामाशी तुलना करून, विचार केला आहे. त्या काळात दोन्ही क्लबांची बहुसंख्य मालकी सिटी फुटबॉल ग्रुप या एकाच समूहाकडे होती. त्यामुळे ही तुलना उद्बोधक ठरते.

साखळी पद्धती व बाद पद्धती

बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यागणिक एक संघ स्पर्धेबाहेर जातो. त्यामुळे ११ संघांची स्पर्धा १० सामन्यांत आटोपते. दुहेरी साखळीत प्रत्येक संघ अन्य सर्व संघांशी दोनदा खेळतो. त्यानुसार २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये ११ संघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला २० सामने आले व साखळीत एकूण ११० सामने झाले. विजयास ३ व बरोबरीस १ गुण अशी गुणपद्धती होती. गुणतक्त्यात अग्रस्थानी राहणाऱ्या संघास लीग विनर्स शील्ड मिळे. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात व त्यातून अंतिम विजेता ठरे. ऑस्ट्रेलियातही साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम सामन्यातील विजय हे दोन स्वतंत्र सन्मान मानले जातात. तेथे २०२०-२१ मध्ये १२ संघ होते, प्रत्येकाने २६ सामने खेळले आणि पहिले सहा संघ पुढील फेरीस पात्र ठरले.

साखळीतील अग्रस्थान सातत्याचे द्योतक असते, तर अंतिम सामन्यात त्या दिवसाची कामगिरी निर्णायक ठरते. एकाच हंगामात दोन्ही सन्मान मिळविणे म्हणूनच कठीण समजले जाते. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी व मेलबर्न सिटी या दोन्ही क्लबांनी ते साध्य केले.

हंगामाची वाटचाल

मुंबई सिटी एफसीची स्थापना २०१४ मध्ये झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के भागभांडवल घेतल्याची घोषणा झाली. पुढील हंगामासाठी स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या एफसी गोवा संघातील अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू व मंदार राव देसाई हे खेळाडूही मुंबईकडे आले. परिचित प्रशिक्षक व परस्परांना ओळखणारे खेळाडू यांमुळे संघबांधणीचा बराचसा काळ वाचला.

तरीही प्रारंभ पराभवाने झाला. २१ नोव्हेंबर २०२० रोजी नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला १-० असे हरविले. जाहूला लाल कार्ड मिळाल्याने मुंबईला उर्वरित सामना दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. बाद पद्धतीची स्पर्धा असती तर मुंबईचे आव्हान त्याच सायंकाळी संपुष्टात आले असते. साखळी पद्धतीमुळे चुका दुरुस्त करण्यास अवधी मिळाला आणि त्यानंतरच्या सलग १२ सामन्यांत संघ अपराजित राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बेंगळुरू व जमशेदपूर यांच्याकडून लागोपाठ पराभव झाल्याने अग्रस्थान पुन्हा निसटले. ओडिशावरील ६-१ या विजयात बिपिन सिंगने तीन गोल केले व संघ सावरला.

साखळीतील अखेरच्या सामन्यापूर्वी एटीके मोहन बागानचे ४० व मुंबईचे ३७ गुण होते. मोहन बागानला शील्डसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी फॉल व बार्थोलोम्यू ओगबेचे यांच्या गोलांच्या बळावर मुंबईने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले. परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्याने शील्ड मुंबईकडे आले. त्यातील पहिला सामना जानेवारीत १-० असा जिंकलेला होता. दीड महिन्यापूर्वीचा तो एक गोल अखेरीस निर्णायक ठरला. हंगामात एकही सामना दुय्यम नसतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उपांत्य फेरीत एफसी गोवाविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले व मुंबई पेनल्टी शूटआउटमध्ये विजयी झाली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात मोहन बागानचा पहिला गोल डेव्हिड विल्यम्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूने केला. प्रतिस्पर्धी बचावपटूच्या स्वयंगोलामुळे मुंबईने बरोबरी साधली आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल नोंदविला. मुंबईने साखळीतील २० सामन्यांपैकी १२ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले व ४ गमावले होते.

मेलबर्न सिटीने त्या हंगामात २६ सामन्यांत १५ विजय, ४ बरोबरी व ७ पराभव अशी कामगिरी करून ४९ गुण मिळविले. जेमी मॅकलारेनने २५ गोल केले. २७ जून २०२१ रोजी सिडनी एफसीला ३-१ असे नमवून संघाने अंतिम विजेतेपदही मिळविले. राष्ट्रीय संघाच्या कामगिरीवर गेलेल्या मॅकलारेनची अनुपस्थिती युवा खेळाडूंनी जाणवू दिली नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. सात पराभवांनंतरही एखादा संघ विजेता होऊ शकतो, हे दीर्घ हंगामाचे शैक्षणिक मूल्य आहे.

यशाच्या मर्यादा

मुंबईच्या या यशास काही मर्यादाही होत्या. कोविड महासाथीमुळे हा संपूर्ण हंगाम गोव्यातील फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना पार पडला. मुंबईचा संघ मुंबईत एकही सामना न खेळता विजेता ठरला. मेलबर्नने अंतिम सामना स्वतःच्या शहरात, मर्यादित संख्येतील का होईना, प्रेक्षकांसमोर खेळला.

दुसरी मर्यादा स्थानिक खेळाडूंसंबंधी आहे. मुंबईचे रेनियर फर्नांडिस व अमेय रानवडे या संघात होते. रानवडे अंतिम सामन्यात पहिल्या अकरांत होता व डोक्याला दुखापत झाल्याने त्याला मैदान सोडावे लागले. असे असले तरी संघाचा कणा गोवा, ईशान्य भारत, पंजाब व परदेशातील खेळाडूंचाच होता. व्यावसायिक क्लबने गुणवत्ता शोधण्यासाठी दूरवर जावे यात वावगे काही नाही. परंतु राज्यातील जिल्ह्यांतून त्या संघापर्यंत पोहोचणारी शिडी अत्यंत अरुंद होती, हेही त्यावरून स्पष्ट होते.

तिसरी मर्यादा मालकीची आहे. आंतरराष्ट्रीय समूहाचा लाभ क्लबला निश्चितच झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेलबर्न सिटीतूनच आलेल्या डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरविले. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होय. २०२२-२३ मध्ये शील्ड व मे २०२४ मध्ये पुन्हा अंतिम विजेतेपद मिळाले. परंतु लीगचे व्यावसायिक हक्क ज्या कराराने दिलेले होते, त्याची मुदत २०२५ मध्ये संपत आल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये पुढील हंगाम स्थगित ठेवण्यात आला. लीगच्या भवितव्याविषयीच्या या अनिश्चिततेत सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये क्लबमधील आपले भागभांडवल सोडले व क्लब पुन्हा संस्थापक मालकांकडे आला.

महाराष्ट्रात ही घटना अपवादात्मक नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा व्यावसायिक संघ बंद झाला. पुणे एफसी, मुंबई एफसी व एफसी पुणे सिटी यांचीही वाटचाल अशीच खंडित झाली. या क्लबांची पाळेमुळे वस्तीत न रुजता ताळेबंदात राहिली, असे म्हणावे लागते. याउलट कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ यांसारखे संघ पेठांच्या आधाराने पिढ्यानपिढ्या टिकून आहेत. त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय भांडवल नाही, परंतु शाहू स्टेडियमवर गर्दी करणारा प्रेक्षक आहे. पहिल्या प्रकारात उत्कृष्टता आली व स्थैर्य आले नाही. दुसऱ्या प्रकारात स्थैर्य आहे, पण राष्ट्रीय पातळीवरील सुविधांचा अभाव आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

गोंदिया जिल्ह्यातील शालेय फुटबॉलपटूचा मार्ग तालुका, जिल्हा, नागपूर विभाग व राज्य अशा स्पर्धांतून जातो. महाविद्यालयात आल्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व निवड झाल्यास आंतरविद्यापीठ स्पर्धा हा त्याचा पुढील टप्पा असतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिलाच सामना गमावणाऱ्या संघाचे वर्ष नव्वद मिनिटांत संपते. त्या विद्यार्थ्याला चूक उमगते, पण ती सुधारण्यासाठी दुसरा सामना मिळत नाही. मुंबई सिटीला पहिल्या पराभवानंतर १९ सामने मिळाले होते.

हा अभाव दूर करण्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. परिसरातील सहा महाविद्यालयांनी दुहेरी साखळी आयोजित केल्यास प्रत्येक संघास १० व एकूण ३० सामने मिळू शकतात. प्रत्येक आठवड्यास तीन सामने घेतल्यास पावसाळा संपल्यानंतर दहा आठवड्यांत हा हंगाम पूर्ण होतो. सामने आळीपाळीने प्रत्येक महाविद्यालयाच्या मैदानावर झाल्यास स्थानिक प्रेक्षकही तयार होतो. शारीरिक शिक्षण विभागाने गुणतक्ता, गोलनोंदी व दुखापतींच्या नोंदी ठेवल्यास त्या अन्य विषयांच्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्पासाठी उपयुक्त ठरतील.

निष्कर्ष

१. हंगामाचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. पराभवानंतर पुन्हा खेळण्याची संधी हीच खेळाडूच्या घडणीची मूलभूत अट होय.

२. भांडवल व आंतरराष्ट्रीय सहकार्य यांतून अल्पावधीत विजेतेपद मिळू शकते. क्लबचे सातत्य मात्र स्थानिक प्रेक्षक, स्थानिक खेळाडू व लीगची स्थिर व्यवस्था यांवर अवलंबून असते.

३. जिल्हा पातळीवर व्यावसायिक क्लब उभा करणे आज दुरापास्त असले, तरी महाविद्यालयांच्या सहकार्याने साखळी हंगाम सुरू करणे सहज शक्य आहे. राज्याच्या फुटबॉलमधील अरुंद शिडीची खालची पायरी बांधण्याचे काम महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या आवाक्यातील आहे व ते त्यांनी हाती घ्यावे, असे प्रस्तुत विवेचनावरून सुचवावेसे वाटते.