शिलाई मशिनचं पेडल, हार्मोनियमचा भाता

सोलापूर म्हणजे चादरी, हे सगळ्यांना माहीत. पण शाळांचे गणवेशही इथे मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. त्यामुळे भंगारवाल्याकडे शिलाई मशिनचे सुटे भाग पडलेले असतात. त्यातलंच मोटारीचं जुनं पेडल आज आपण कीबोर्डवादकाच्या पायाखाली आणणार आहोत.

आता हे कशासाठी? संगीत नाटकांत साथीला ऑर्गन असायचा. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा तो भरदार सूर आठवा. पाय भात्याला हवा द्यायचे आणि दोन्ही हात स्वरांना मोकळे राहायचे. आजच्या कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज लावला तर सूर बरोबर लागतो, पण सपाट. भजनात ते लगेच कानाला लागतं. कारण त्यात भाता नाही, हवेची चढ-उतार नाही. ती पायाने परत आणायची, एवढाच आमचा हेतू.

पेडल निवडताना एक बघा. कारखान्यातल्या क्लच मोटारीच्या मशिनचं पायदान दांडीने क्लचला जोडलेलं असतं, त्यात वीज नसतेच. ते आपल्या कामाचं नाही. घरगुती मशिनच्या छोट्या मोटारीचं वायरवालं पेडल घ्या. आणि पहिलं काम म्हणजे त्याची २३० व्होल्टची वायर मुळापासून कापून टाका. नुसती बाजूला गुंडाळून ठेवू नका. घरातल्या कुणीतरी ती उद्या प्लगला लावली तर मायक्रोकंट्रोलर जाईल, लॅपटॉप जाईल आणि हात लावणारा माणूसही धोक्यात येईल.

उघडल्यावर जुन्या पेडलमध्ये बहुधा कार्बनच्या चकत्या दिसतील. दाब वाढला की त्या एकमेकींवर घट्ट बसतात आणि रोध कमी होतो. आम्हाला वाटलं, झालं काम! पेडल आणि एक साधा रोधक असे ५ व्होल्टवर एकापुढे एक जोडले, मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरला दिला. तर पाय स्थिर असतानाही आकडा नाचायचा. पाय उचलला तरी शून्यावर यायला वेळ लागायचा. या चकत्या मोटारीच्या दणकट विजेसाठी केलेल्या; ५ व्होल्टच्या किरकोळ प्रवाहाला त्या नीट दाद देत नाहीत.

म्हणून आमचं मत सरळ आहे: पेडलचं धूड आणि स्प्रिंग ठेवा, आतलं काढून टाका. त्या जागी १० किलोओहमचा सरकता पोटेन्शिओमीटर बसवा. एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधली पट्टी अॅनालॉग पिनला. कार्बनच ठेवायचा असेल तर त्याच्याकडून फक्त चालू-बंद, म्हणजे सस्टेनचं काम घ्या.

बोर्ड अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्यावा. त्यांची चिप संगणकाला स्वतःच मिडी उपकरण म्हणून ओळख देते. साध्या ऊनोला ते जमवायला जास्तीची खटपट लागते. पिनवरचा आकडा ० ते १०२३ येतो, मिडीला ० ते १२७ लागतो. म्हणजे ८ ने भागायचं. मिडीमधून आवाज जात नाही, हे लक्षात घ्या. जातात फक्त तीन आकडे. १७६, म्हणजे पहिल्या चॅनलवरचा कंट्रोल बदल. ११, म्हणजे एक्स्प्रेशन. आणि तिसरा तुमच्या पायाचा. सस्टेन हवा असेल तर ११ च्या जागी ६४. १६ वाचनांची सरासरी घ्या आणि आकडा खरोखर बदलला तरच पाठवा, नाहीतर संदेशांचा नुसता पूर येतो.

नेहमी विचारतात, यूएसबी वायर थेट कीबोर्डला लावू का? बहुतेक कीबोर्डना नाही चालत. दोन्ही बाजू उपकरणंच. मध्ये लॅपटॉप किंवा फोन हवा, आणि हार्मोनियमचा आवाजही तिथेच वाजवायचा. कीबोर्डला पाच पिनांचं मिडी इन असेल तर बोर्डाच्या सिरियल पिनेवरून दोन २२० ओहमचे रोधक लावून थेट जाता येतं. वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद ठेवा.

आणि तळाला रबर चिकटवायला विसरू नका. मंचावरच्या सतरंजीवर पेडल सरकत पुढे जातं आणि वादकाचा पाय त्याच्या मागे मागे.