दोन शिक्क्यांचा अधिकार

लुकस पोप या अमेरिकी रचनाकाराने २०१३ साली सिद्ध केलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा हा आर्स्टोट्स्का नामक कल्पित, हुकूमशाही राष्ट्राच्या सरहद्दीवरील नाक्यावर, १९८२ सालच्या हिवाळ्यात, सरकारी सोडतीने नेमला गेलेला एक तपासनीस असतो. आणि पारपत्रे, परवाने व दाखले ताडून पाहून हिरवा शिक्का मारावा की तांबडा, एवढाच काय तो त्याचा अधिकार.

एका दिवशी एक गृहस्थ बिनचूक कागदपत्रांनिशी पार होतो, आणि जाता जाता, मागून येणाऱ्या आपल्या पत्नीशी दयेने वागावे, अशी विनवणी करतो. पत्नीजवळ प्रवेशाचा परवाना नाही, आणि परत धाडल्यास आपला वध होईल, असे ती सांगते. तिला आत सोडल्यास तत्क्षणी नियमभंगाची चिठ्ठी छापून मेजावर येते. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद, तिसरीपासून दंड, असा तेथील दंडक आहे. पगार मोजला जातो तो तपासलेल्या माणसांच्या संख्येवर, आणि घरी पत्नी, पुत्र, सासू व चुलते यांच्या अन्नाची, उबेची आणि औषधांची तरतूद त्यातूनच करावयाची असते. यास्तव दयेलाही रोजची मर्यादा पडते, आणि सकाळी घाईत, निव्वळ नजरचुकीने, त्या दोन सवलती ज्याने खर्च केल्या, त्याला दुपारी एका स्त्रीचे प्राण आणि मुलाचे औषध यांचा हिशेब मांडीत बसावे लागते. नोकरशाहीत माणुसकी कशी झिजते, याचे इतके भेदक दर्शन मला अन्य कोणत्याही खेळात घडलेले नाही.

या खेळाला वीस शेवट आहेत: कर्जापायी कैद, बनावट पारपत्रांवर कुटुंबासह पलायन, गुप्त संघटनेला साहाय्य, राज्याशी एकनिष्ठ चाकरी, इत्यादी. परंतु त्याचे थोरपण या संख्येत आहे असे मला वाटत नाही. २००७ च्या ‘बायोशॉक’मध्येही लहान मुलींना वाचवावे की त्यांचा बळी देऊन शक्ती मिळवावी, हा पेच आहे, आणि त्यावर शेवटही अवलंबून आहे, पण वाचविणाऱ्याला पुढे भेटी मिळून त्याच्या त्यागाची बहुतांशी भरपाई होते, आणि ज्या पुण्याला तोशीस लागत नाही, त्याची निवड करण्यात पेच तो कसला? पोप यांच्या नाक्यावर पुण्याची नोंद ठेवणारी वहीच नाही; वाचलेली स्त्री रांगेतून दिसेनाशी होते आणि पुढचा प्रवासी कागद पुढे करतो.

व्हिडिओ गेम हा मुलांचा कालापव्यय, अशी ज्या प्रौढ वाचकांची समजूत असेल, त्यांनी घरातील तरुणाला शेजारी बसवून या नाक्यावरचे निदान पहिले काही दिवस स्वतः काढून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.