क्रियापदांच्या वाटेने : लेखांक १४ – चालणे

'चालणे' या क्रियापदाचा सर्वांना ठाऊक असलेला अर्थ पायांचा आहे. पांगुळगाडा धरून मूल चालायला लागते, ते हे चालणे. पण परभणीच्या मोंढ्यात, एसटी स्थानकावर किंवा गावाकडच्या पारावर थोडा वेळ कान दिला, तर पायांशी काही संबंध नसलेले 'चालणे'च जास्त कानी पडते. कापसाला काय भाव चाललाय, विहिरीवर मोटर चालू आहे का, थोरल्याचे सध्या काय चाललेय, अशा प्रश्नांत कुणी पाऊलही उचललेले नसते. ही शब्दाची ओढाताण नाही. शब्दाचा मूळ स्वभावच तसा आहे.

संस्कृत 'चल्' धातूचा अर्थ हलणे, जागा सोडणे असा आहे. पाय त्यात नाहीत. 'अचल' आणि 'चलबिचल' हे शब्द तोच अर्थ सांगतात. प्राकृतात या धातूचे 'चल्ल' असे जोड 'ल' असलेले रूप झाले आणि त्याचे मराठीत 'चाल' झाले, जसे 'गल्ल'चे गाल. याच धातूचे 'हलवणे' या अर्थाचे रूप 'चालयति'. त्यात 'ल' एकेरी होता आणि दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. फळ, काळ हे शब्द असेच घडले. म्हणून 'चालयति'चे 'चाळणे' झाले. पीठ चाळणे, पुस्तक चाळणे, भूक चाळवणे, बोटांचा चाळा ही सगळी चालण्याचीच भावंडे आहेत, हे एका अक्षरामुळे लक्षात येत नाही. आज्ञार्थातही दोन रूपे वेगळी राहिली आहेत. 'नीट चाल' म्हणजे पावले नीट टाक. 'लवकर चल' म्हणजे माझ्यासोबत निघ, मग ते बसने का असेना.

इंग्रजी 'वॉक'चा जन्मही पायांत झालेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ लोळणे, उसळणे, घोळणे असा होता. विणलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरालाही त्यावरूनच नाव मिळाले आणि 'वॉकर' हे आडनाव तिथून आले. पुढे हा शब्द पायांना जखडला गेला. मराठीने मात्र चालण्यातली गती आणि तिचे न थांबणे हे दोन्ही जपले. या शब्दाचे बहुतेक अर्थ या दोनांतून उलगडतात.

गतीचा अर्थ आधी घेऊ. 'मी गंगाखेडला चाललो' हे वाक्य रूपाने भूतकाळी आहे, पण बोलणारा अजून घराच्या दारात असतो. 'मी गंगाखेडपर्यंत चाललो' असे म्हटले की प्रवास संपलेला असतो आणि तो पायी झालेला असतो. 'ला' आणि 'पर्यंत' एवढ्या फरकाने काळही बदलतो आणि अर्थही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला ही जागा हमखास चकवते; पाठ्यपुस्तकांनी तिला स्वतंत्र धडा द्यावा इतकी ती महत्त्वाची आहे. 'चालून येणे' हा प्रयोगही गतीचाच. शत्रू चालून येतो आणि मुलीला चांगले स्थळही चालून येते. पहिल्यात वेग आणि धाक आहे, दुसऱ्यात न शोधता मिळाल्याचे समाधान. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या हाताखाली मराठ्यांनी उदगीरकडे निजामावर केली ती 'चाल'. बुद्धिबळातली चाल, कपटाची चाल आणि घोड्याची चाल हे त्याच नामाचे अर्थ.

न थांबण्याचा अर्थ याहून मोठा आहे. गिरणी चालते, शाळा चालते, खटला चालतो, श्वास चालतो. मोटारपंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेवर मोजत. दोन मोटा चालतात म्हटले की विहीर केवढी आणि तिच्यावर भिजणारे रान किती, याचा अंदाज ऐकणाऱ्याला येई. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले की 'पाट चालू झाला' म्हणतात. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर परभणी आणि गंगाखेडला येते. संत जनाबाईंच्या या गंगाखेडात वारीविषयी बोलताना 'चालणे' दोन्ही अर्थांनी येते. वारकरी पंढरपूरपर्यंत चालतो आणि त्याच्या घरात वारी आजोबांपासून चालत आलेली असते. पहिले चालणे काही दिवसांचे, दुसरे पिढ्यांचे. दिंडीत अभंग म्हटला जातो त्या सुरावटीलाही 'चाल'च म्हणतात.

जे थांबत नाही ते हातोहात फिरते, म्हणून नाणेही चालते. परभणी जिल्ह्याने हा अर्थ रोजच्या व्यवहारात अनुभवला आहे. हैदराबाद संस्थानात निजामाचा 'हाली सिक्का' हा रुपया होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला 'कलदार' म्हणत. 'हाली' या शब्दाचा अर्थही सध्याचा, चालू असाच आहे. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर होता. सरहद्द ओलांडली की हाली चालत नसे, बदलून घ्यावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५१ मध्ये हाली काढणे बंद झाले आणि १९५९ मध्ये तो अधिकृतपणे रद्द झाला. नाण्यांना 'चलन' हा शब्द आपण या चालण्यावरूनच वापरतो. सत्तेलाही हेच क्रियापद लागते. घरात कुणाचे चालते, हा प्रश्न अधिकाराचा आहे. ज्याचे फार चालते त्याची 'चलती' असते.

नाणे घेणारा ते स्वीकारतो, तेव्हाच ते चालते. स्वीकाराचा हा धागा पुढे 'चालेल' या होकारापर्यंत जातो आणि मराठी माणसाच्या तोंडी सर्वांत जास्त असलेला अर्थ कदाचित हाच. इथे वाक्याची रचनाही बदलते. 'मी चालतो' यात माणूस कर्ता आहे. 'मला चालते' यात कर्तेपण गोष्टीकडे जाते आणि माणसाला 'ला' लागतो. एकादशीला भगर चालते, साबुदाणा चालतो, कांदा चालत नाही; कोथिंबीर चालते का, यावर शेजारच्या दोन घरांत एकमत होईलच असे नाही. मामाची मुलगी लग्नाला चालते की नाही, हे समाजासमाजावर ठरते. 'आमच्यात चालत नाही' या तीन शब्दांच्या नकारात कुणी एक माणूस नकार देत नाही, रीत देते; म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते. वधू-वर जाहिरातींत 'पोटजात चालेल', 'बाहेरगावचे चालेल' असे छापलेले असते. त्या एका शब्दात कुटुंबाने कुठवर मागे सरायचे ठरवले आहे, हे कळते. या होकाराला पायऱ्याही आहेत. 'चालेल' ही मनापासूनची संमती, 'चालून जाईल' म्हणजे फारसे बरे नाही पण निभेल आणि 'चालवून घेऊ' म्हणजे मनाविरुद्ध सहन करू. 'चालू' हे विशेषण मात्र उलट दिशेने घसरले आहे. चालू खाते, चालू वर्ष यांत ते सरळ आहे. 'चालू काम' म्हणजे कसेबसे उरकलेले आणि 'चालू माणूस' म्हणजे धूर्त.

शेवटचा अर्थ व्याकरणाचा आहे आणि कोशात शब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. दुसऱ्या क्रियापदाच्या 'त'कारान्त रूपापुढे 'चालणे' आले की ते हळूहळू होणारा बदल दाखवते. गोदावरीचे पाणी ओसरत चालले, दिवस लहान होत चालला, गाव रिकामे होत चालले. 'पाणी ओसरले' यात घटना पुरी झाली आहे. 'ओसरत आहे' यात ती फक्त घडते आहे. 'ओसरत चालले' यात मात्र कालच्यापेक्षा आज आणि आजच्यापेक्षा उद्या अधिक, ही दिशा आहे. एवढी सूक्ष्म छटा मराठीत दुसरे कोणतेही सहायक क्रियापद इतक्या सहज देत नाही. जोंधळा पोटरीत येत चालला, असे शेतकरी म्हणतो तेव्हा पीक स्थिर उभे असते आणि चालतो तो काळ.

आता इंग्रजी 'वॉक'ही मराठीत आला आहे. परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर येणारे 'वॉकला' येतात. वैद्यकीय सल्ल्याने, घड्याळ लावून केलेल्या फेरीपुरताच तो राहिला आहे. बाजारहाटाला, शेताला किंवा पंढरीला कुणी 'वॉक' करत जात नाही. सभागृहातल्या 'वॉकआउट'ला 'सभात्याग' हा चांगला मराठी शब्द रुळला आहे. वॉक मराठीत नाम म्हणून स्थिरावला, पण त्याला अजून 'करणे' किंवा 'जाणे' यांचा आधार घ्यावा लागतो. स्वतः क्रियापद होणे त्याला जमलेले नाही.