सोडलं कोणी, सोडायला लावलं कोणी

१९ मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर जे घडलं ते शाळेच्या पुस्तकांत आलं. आदल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी जे मागितलं होतं, ते मात्र काहीसं मागे पडलं. मेलेल्या ढोराचं मांस खायचं सोडा, उष्ट्यामाष्ट्या तुकड्यांवर जगायचं सोडा, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. महाराष्ट्रानं शंभरएक वर्षांत ताटातून काय काढलं आणि काय ठेवलं, याचा मागोवा मला तिथूनच घ्यावासा वाटतो. मांसाहार की शाकाहार हा वाद आपण हल्ली प्रथिनं आणि कोलेस्टेरॉलवरून घालतो, नाहीतर धर्मावरून. पण या मातीत खाण्याबद्दलचा सगळ्यात महागात पडलेला निर्णय कोणी घेतला असेल, तर तो महाडहून परतलेल्या माणसांच्या वस्त्यांनी.

गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं हे महारकीचं काम. त्याचं मांस म्हणजे त्या कामाचा मोबदलाच. एरवी भाकरीला महाग असलेल्या घरांत त्या दिवशी सगळ्यांचं पोट भरायचं. उरलेल्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर उन्हात घालायच्या, कडकडीत वाळल्या की तुकडे करून गाडग्यात भरून ठेवायचे. या चान्या. हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही अशा पावसाळी दिवसांत त्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर चार तुकडे कालवणात टाकायचे. महाडचं भाषण ऐकून घरी आलेल्या माणसाला हे गाडगं रिकामं करायचं होतं, आणि त्यात दुसरं काय भरायचं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

शिवाय मांस सोडलं म्हणजे ढोर ओढणंही सोडलं. ते कळल्यावर गावं बिथरली. वाण्याकडचं सामान बंद, शेतातलं काम बंद, वाटा बंद, वर मारहाण. महारांना या गावकामाशी बांधून ठेवलं होतं ते वतनानं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. ही वतनं कायद्यानं खालसा व्हायला १९५८ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत घराघरांतल्या बायकांनी रिकाम्या चुलीपुढे बसून हा निर्णय कसा निभावला असेल, याची नोंद फारशी कुठे नाही. आहाराच्या इतिहासात मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मढ्याचं मांस, लाचारीनं वाट्याला आलेलं. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची आहे. मांस न खाण्याची नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर त्यांनी अस्पृश्यतेचं मूळच गोमांसाशी जोडलं. ब्राह्मणांनी ते सोडलं, ज्यांनी सोडलं नाही ते वेशीबाहेर राहिले, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवणं हे त्यांच्या लेखी दुखणं होतं, आणि ते त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

महाराष्ट्रात वशाट सोडण्याचा दुसरा रस्ता त्याहून कितीतरी जुना, तुळशीच्या माळेचा. गळ्यात माळ घातली की मांस बंद, दारू बंद, वर्षाची वारी चालू. या माळेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण माळकऱ्यांच्या घरांत सापडतं. बाप माळकरी असतो, पोरगा जत्रेतलं बोकडाचं मटण खातो. मग मटणाची भांडी वेगळी, चूल परसात तीन दगडांची. ज्या बाईनं स्वतः माळ घातलेली असते तीच लेकरांसाठी मसाला वाटते, रस्सा चाखून न बघता अंदाजानं मीठ घालते आणि मग अंघोळ करून आपली भाकरी खाते. ज्यांनी माळ घातली नाही त्यांचेही वार असतातच. सोमवार, गुरुवार, शनिवार, श्रावण. ‘आज माझा वार आहे’ एवढं म्हटलं की समोरचा आग्रह करत नाही. हे इतकं साधं शहाणपण आपल्याकडे होतं.

पण माळेनं सगळं साधलं असं म्हणणंही खोटं ठरेल. चोखोबांची भक्ती कोणाहून कमी नव्हती. तरी त्यांना विठ्ठलाच्या देवळात जागा मिळाली नाही; समाधी आहे ती महाद्वारासमोर, बाहेर. शाकाहारानं माणूस पवित्र होतो असं सांगणाऱ्यांनी त्या समाधीपाशी जरा थांबावं.

सोडलेल्या अन्नाबद्दल उघडपणे लिहायलाही पुढे बराच काळ जावा लागला. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि जे पांढरपेशा वाचकांनी कधी पाहिलंही नव्हतं ते ताट मराठी साहित्यात आलं. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झालं. त्यात मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांमधलं खाणं पाककृतींसह आहे, चान्यांपासून रक्तीपर्यंत. मराठीत पाककृतींची पुस्तकं ढिगानं असताना या चुलींना तोवर जागा नव्हती. पुरणपोळी आणि अळूचं फदफदं म्हणजेच मराठी जेवण, हा समज त्या पुस्तकानं खोडून काढला.

त्याच वर्षी मार्चमध्ये गोवंश हत्याबंदी लागू झाली. १९७६ च्या कायद्यानं गाईची कत्तल आधीच बंद होती. बैल आणि वळूही त्यात घेणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळात मंजूर झाली होती, तिला राष्ट्रपतींची संमती तब्बल वीस वर्षांनी मिळाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणसानं घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, हे न्यायालयानं मानलं.

बैलावर माया करणारा शेतकरी मला परका नाही. पोळ्याला शिंगं रंगवून ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली, तो बैल विकताना ज्याचा जीव तुटतो, त्यानं तो शेवटपर्यंत सांभाळावा. त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण चाऱ्याला महाग झालेल्या शेतकऱ्यानं म्हातारा बैल दावणीला बांधून काय करायचं? कुरेशी खाटकाच्या धंद्याचं काय? ज्यांना बोकडाचं मटण सणासुदीलाही परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी बैलाचं मांस हे स्वस्तातलं मांस होतं. महाडला ज्यांनी सोडलं त्यांनी स्वतःच्या मनानं सोडलं, सोसून सोडलं. २०१५ साली दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेतलं गेलं. ही दोन्ही मला एका मापानं मोजता येत नाहीत.

२०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात राज्यातले सुमारे साठ टक्के प्रौढ मांसाहारी निघाले. तरी सार्वजनिक ताट ठरवण्याची वेळ आली की आवाज उरलेल्यांचाच मोठा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी चक्क स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवायला सांगितलं.

मला सर्वांत जास्त लागलं ते अंड्याचं प्रकरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. कोणावर सक्ती नाही, कोणाचा वार मोडणार नाही. परसातल्या चुलीचं शहाणपण सरकारी योजनेत उतरलं होतं. तरी विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि द्यायचं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं असं सांगितलं. नंदुरबार-मेळघाटातल्या पाड्यावरच्या शाळेनं वर्गणी मागायची कोणाकडे? तिथल्या मास्तरांनी दारोदार फिरण्यापेक्षा सरकारनं हा निधी पुन्हा सुरू करावा, केळ्याची सोय तशीच ठेवावी, आणि अंडं की केळं ते मुलाला आणि त्याच्या आईबापांना ठरवू द्यावं.