भोगी ते रथसप्तमी : ताटातला हिशेब

संक्रांत जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गड्ड्याचे चार दिवस आहेत, पथ्य जरा सोडलं तर चालतंय का?" विचारणाऱ्याचे मनात आधीच ठरलेले असते. मी 'हो' म्हणालो तर उघडपणे आणि 'नाही' म्हणालो तर चोरून, पण खाणे हे होणारच. तेव्हा परवानगी देण्याच्या भानगडीत न पडता काय, किती आणि कसे खावे, याचा विचार आज आपण करू.

आधी एक हकीकत सांगतो. पूर्व भागात राहणारे, सारे आयुष्य यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेलेले सत्तरीचे एक आजोबा माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. माणूस अतिशय शिस्तीचा. गोळी कधी चुकवणार नाहीत. गेल्या वर्षी यात्रेत शोभेचे दारूकाम होते त्या दिवशी, सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. रात्री लेकीकडे गुळाच्या पोळीचे जेवण होते. तेथे दोन घास जास्त खाता यावेत म्हणून त्यांनी दुपारी जेवणच घेतले नाही. संध्याकाळी नातवाबरोबर चालत होम मैदानाकडे निघाले. गर्दीत त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. आजूबाजूच्या एक-दोघांना वाटले, म्हातारा प्यालेला आहे. नातू चौदा वर्षांचा, पण हुशार. त्याने समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणून पाजला. पंधरा-वीस मिनिटांत आजोबा सावरले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, गोड खायचं होतं म्हणून पोट रिकामं ठेवलं. चुकलं काय?"

चुकले होतेच, पण अशी चूक करणारे ते एकटे नव्हेत. रात्री पंगत आहे म्हणून दुपारी उपाशी राहणे हा आपल्याकडे शहाणपणाच समजला जातो. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. पोटात अन्न नसताना इन्सुलिन आपले काम करीतच राहते आणि रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. त्यात चालणे झाले तर आणखीच. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर भाकरी-भाजीसारखे काही खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. सरळ रुग्णालय गाठावे. ज्यांना असा त्रास एकदा झाला आहे त्यांनी गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घेतलेच पाहिजे.

याच्या उलट दुसरा प्रकार. गोड खायचे म्हणून स्वतःच्या मनाने एक गोळी जादा घेणारेही मी पाहिले आहेत. दोन पोळ्यांना एक गोळी असा कोठलाही हिशेब औषधशास्त्रात नाही.

आता सणाच्या खाण्याकडे वळू. माझे मत असे की, सणाचा एक दिवस फारसे कोणाचे वाकडे करीत नाही. वाकडे होते ते सणांच्या माळेने. आपल्याकडे दिवाळीचे डबे रिकामे होतात न होतात तोच मार्गशीर्षातले गुरुवार येतात, मग चंपाषष्ठी, मग शेतावरचा हुरडा, मध्ये लग्नसराई, त्यानंतर भोगी, संक्रांत, गड्डा आणि रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू. धरा सुमारे तीन महिने. या काळात रोज नुसत्या दीडशे कॅलरी, म्हणजे तिळाचे दोन लहान लाडू, जादा गेले तर नव्वद दिवसांत साडेतेरा हजार कॅलरी होतात. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी साठतात. म्हणजे कागदावर पावणेदोन किलो वजन वाढले. शरीर कागदाइतके काटेकोर नसते हे खरे, पण पंचांग बदलताना काटा पुढे सरकलेला असतो आणि उन्हाळ्यात तो मागे येत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे उंबरठ्यावरचे लोक दवाखान्यात येत नाहीत. त्यांना काहीच होत नसते. सणाचे खाणे बेताने खाण्याचा खरा फायदा त्यांनाच आहे.

भोगीच्या जेवणाबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. हे जेवण ज्या कोणी ठरवले त्या बायकांना आहारशास्त्राची पदवी द्यावी! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा. बाजरी आणि शेंगभाज्यांत चोथा भरपूर असतो. त्यामुळे अन्न हळूहळू पचते आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. मधुमेह्यानेही हे जेवण पोटभर जेवावे, लोणी तेवढे बेताने घ्यावे. आपल्या जिल्ह्याची ज्वारीही तशीच. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण अभिमान बाळगतो आणि पाहुणे आले की भाकरीऐवजी मैद्याची रोटी मागवतो. हे कोडे मला सुटलेले नाही.

संक्रांतीचे प्रकरण निराळे. "डॉक्टर, साखर नाही, गूळच खाल्ला" असे रुग्ण अगदी निष्पाप चेहऱ्याने सांगतात. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत शरीर फारसा भेद करीत नाही. तीळ चांगलेच. त्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, आहे, प्रथिने आहेत, तेलही चांगल्या प्रतीचे आहे. पण शंभर ग्रॅम तिळांत तेल चाळीस ग्रॅमांहून अधिक असते आणि शेंगदाण्यातही जवळजवळ तेवढेच. पंधरा ग्रॅमचा एक लाडू सत्तर कॅलरींचा धरला तर तीन लाडू म्हणजे ज्वारीची एक भाकरी झाली. भाकरी खाल्ल्याचे आपल्याला आठवते. लाडू खाल्ल्याचे आठवत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हळदीकुंकू. एका संध्याकाळी आठ घरे करणाऱ्या भगिनी माझ्या माहितीत आहेत. प्रत्येक घरी एक लाडू, म्हणजे आठ लाडू, म्हणजे पावणेतीन भाकऱ्या. शिवाय एखाद्या घरी मसाला दूध, दुसऱ्या घरी चहा. घरी येऊन त्या म्हणतात, "आज भूकच नाही, नुसता भातच खाते!" माझी सूचना साधी आहे. पहिल्या घरी लाडू तोंडात घालावा, उरलेल्या सात घरांचे तिळगूळ कागदाच्या पुडीत घेऊन यावे आणि रोज एक याप्रमाणे आठवडाभर घरात वाटून खावेत. हातात घेतले की मान राखला जातो, लगेच गिळण्याची अट कोणी घातलेली नाही.

चहाचा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर, आणि दिवसाला सहा कप. साखर झाली साठ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाची साखर पंचवीस ग्रॅमांच्या आत ठेवावी असे म्हटले आहे. मागावर उभे राहणारे आणि विड्या वळायला बसणाऱ्या, दोघांचेही दिवस चहावर चालतात. सणाच्या दिवशी पोळी खायची असेल तर निम्मे चहा बिनसाखरेचे करावेत.

आता माझी स्वतःची गोष्ट, नाहीतर वाचक म्हणतील डॉक्टर नुसतेच सांगतात. दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीच्या सुमारास मी रात्री जेवणानंतर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. बाजूला तिळाच्या वड्यांचा डबा. अग्रलेख वाचून झाला आणि हात डब्याच्या तळाला लागला. सौभाग्यवतींनी विचारले, "किती खाल्ल्या?" मला खरोखर सांगता येईना. चवही आठवेना. ज्या वड्यांचा स्वादही मला मिळाला नाही त्यांच्या कॅलरी मात्र शरीराने इमानाने जमा करून घेतल्या होत्या.

पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस ही वर्दी येण्यापूर्वीच चार घास जास्त खाऊन उठतो. पूर्वी जुन्या घरांत जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत, एखादा श्लोक म्हणत. धर्माचा भाग ज्याचा त्याने पाहावा, पण त्या दोन मिनिटांत माणूस ताटाकडे पाहत असे, एवढे खरे. आता आपण ताटाकडे पाहत नाही, टीव्हीकडे किंवा मोबाइलकडे पाहतो. ताटाची डावी बाजूही अशीच विसरली गेली. कोशिंबीर, चटणी, लिंबू तेथे असत. आज कोशिंबीर चमचाभर, शोभेपुरती असते. मी रुग्णांना सांगतो, आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ खा, मग पोळी, शेवटी भात. याच क्रमाने तेच जेवण जेवले तर साखर कमी चढते, हे तपासून पाहिलेले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चाललात तर आणखी उत्तम. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारायला कोणाची ना आहे?

नंदीध्वज पेलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा त्या काठ्या पेलून करणाऱ्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर मी एक शब्द बोलणार नाही. मिरवणूक गच्चीवरून पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

गड्ड्यातल्या खाण्याबद्दल थोडक्यात. कढईतले तेल काळसर, दाट आणि फेसाळ झालेले दिसले की ती भजी घेऊ नयेत. तेच तेल वारंवार तापवल्याने त्यात घातक द्रव्ये तयार होतात, आणि अशा तेलावर सरकारी मर्यादाही 2018 पासून लागू आहे. कापून उघड्यावर ठेवलेली फळे आणि बर्फ घातलेली सरबते टाळावीत. रक्तदाब असणाऱ्यांनी चिवडा, पापड, लोणचे आणि, क्षमा असावी, शेंगाचटणीही जपून खावी. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमांच्या आत, म्हणजे एक लहान चमचा असावे. आपली चटणी भाकरीबरोबर चिमटीने खायची चीज आहे, वाटीने नव्हे.

सर्वांत अवघड पथ्य आग्रहाचे. "एकाने काय होतंय?" हे वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण ते वाक्य त्या माणसाला एका दिवसात पाच घरी ऐकावे लागते, हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पाहुण्याला मधुमेह आहे हे ठाऊक असेल तर वाढणाऱ्यानेच अर्धी पोळी वाढावी आणि पुन्हा विचारू नये. त्याला सर्वांसमोर आपल्या दुखण्याची कैफियत मांडायला लावणे बरे नव्हे.

त्या आजोबांच्या कागदावर या वर्षी मी गोळीच्या वेळेसमोर दुपारच्या भाकरीची वेळही लिहून दिली आहे. नातवाच्या खिशात साखरेची पुडी राहणार आहे. गुळाची पोळी किती, यावर बराच वेळ घासाघीस झाली. मी अर्धी म्हणालो, त्यांनी दोन मागितल्या. शेवटी एकीवर ठरले, पण तुपाच्या बाबतीत मलाच माघार घ्यावी लागली.