उतारूंना सावली हवी

उन्हे तापू लागली की पणजीतील बसथांब्यांवर एक विचित्र देखावा दिसतो. थांब्याचे छप्पर ओस पडलेले असते आणि उतारू शेजारच्या दुकानाच्या वळचणीस, झाडाच्या बुंध्याशी, नाहीतर विजेच्या खांबाच्या हातभर सावलीत दाटीने उभे असतात. छप्पर आहे, पण सावली नाही, अशी ही अवस्था आहे.

कारण उघड आहे. मेच्या आरंभी भर माध्यान्ही सूर्य गोव्याच्या माथ्यावर असतो. तेव्हा कोणतेही छप्पर पुरते. परंतु तिसऱ्या प्रहरी ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. मग उंच, अरुंद पत्र्याची सावली भलतीकडे पडते आणि बाक तापतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा झडी थेट आत आणतो. आमच्या वाडवडिलांनी पडवीचे छप्पर खाली उतरते ठेवले, पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधले, ते उगाच नव्हे.

किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणूनच उष्णतेच्या लाटेचा विचार हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासून. मार्च २०२३ मध्ये उष्म्यामुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वी सोडण्याचा आदेश निघाला. हेतू स्तुत्य होता. पण बसने घरी जाणारी मुले ऐन उन्हात थांब्यावरच उभी राहिली असणार!

ज्याच्या दारी मोटार आहे त्याला या प्रश्नाची झळ लागत नाही. ती लागते बाजारकरणीला, विद्यार्थ्याला, इस्पितळातून परतणाऱ्या वृद्धाला. १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले ते याच सामान्य जनांसाठी. गाडी देणे हे जसे सरकारचे कर्तव्य, तसेच गाडी येईतो माणसाला सुखाने उभे राहता येईल अशी जागा देणेही.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. थांब्याचे तोंड पश्चिमेस असेल तर छप्पर पुढे आणि खाली उतरते घ्यावे. कड पश्चिमेस असेल तर तेथे आडोसा करावा, मात्र येणारी गाडी दिसली पाहिजे. जाहिरातीचा फलक लावायचाच तर तो ऊन अडवील अशा बाजूस लावावा. थांब्याजवळचे झाड रस्तारुंदीत तोडू नये. नसेल तेथे लावावे आणि जगवावे.

आणि कंत्राटदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी संबंधित अभियंत्याने चैत्रातल्या एखाद्या दुपारी तीन वाजता त्या बाकावर अर्धा तास बसून पाहावे.